भाच्याच्या गाडीवर फर्मचे नाव

वाचकाचे पत्र : हिंगणा एमआयडीसीत आमची पीव्हीसी पाइप तयार करणारी भागीदारी फर्म आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ निम्मे-निम्मे भागीदार आहोत. माल मुख्यतः विदर्भातील शेतकऱ्यांना, विक्रेत्यांमार्फत जातो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा १७ वर्षांचा असून तीन वर्षांपासून कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करतो. आता त्याला फॉर्म्युला ४ या मोठ्या शर्यतींच्या पहिल्या पायरीवर एक पूर्ण मोसम उतरायचे आहे आणि त्यासाठी ३० लाख रुपये हवे आहेत. त्याचे मॅनेजर म्हणून काम पाहणारे एक गृहस्थ म्हणतात की, फर्मचे नाव गाडीवर येईल, सगळा खर्च जाहिरातीत दाखवता येईल आणि पुढे मुलगा फॉर्म्युला १ या सर्वांत वरच्या पायरीवर गेला की त्याच्या कमाईचा दहा टक्के वाटा आम्हाला मिळेल. आमचा वर्षाचा जाहिरातखर्च १२ लाखांच्या आसपास असतो. भाऊ म्हणतो, एक रुपयाही द्यायचा नाही. ताई स्वतः काही मागत नाही, पण मी घरी गेलो की तिच्या नजरेतली वाट पाहणे मला कळते. भाऊबीज तोंडावर आली आहे. मी काय करावे? — एक मामा, त्रिमूर्तीनगर, नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण प्रश्न एकच विचारला आहे, पण आपल्यापुढे ठेवलेल्या प्रस्तावात तीन निरनिराळे व्यवहार एका गाठोड्यात बांधलेले आहेत. मामाने भाच्याला करायची मदत, फर्मने विकत घ्यायची जाहिरात आणि भाच्याच्या भावी कमाईत गुंतवायचे भांडवल, हे ते तीन व्यवहार. त्यांचे हिशेब वेगळे आहेत, त्यांना लागू होणारा कायदा वेगळा आहे आणि ते फसले तर घरात उरणारी कडवटपणाची चवही वेगळी असते. गाठोडे बांधलेले राहिले की एकाची उणीव दुसऱ्याआड झाकली जाते. जाहिरात म्हणून रक्कम फार वाटली की नाते पुढे केले जाते, आणि नात्यानेही मन वळले नाही की दहा टक्के पुढे येतात. म्हणून आधी हे गाठोडे सोडावे, प्रत्येक व्यवहाराची किंमत स्वतंत्रपणे ठरवावी आणि एका खात्यातील पैसा दुसऱ्या खात्याच्या नावाने देऊ नये, असे माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. मी सोळा वर्षे एका वंगणतेल कंपनीच्या जाहिरात विभागात काढली, त्यांतली निम्मी चेन्नईत गेली आणि शर्यतीच्या गाड्यांवर कंपनीचे नाव लावण्याचे करार हा माझ्या कामाचा भाग होता. पहिल्याच वर्षी एका संघाला आम्ही पूर्ण मोसमाची रक्कम आगाऊ देऊन टाकली. करारात ‘गाडीच्या दोन्ही बाजूंस बोधचिन्ह’ एवढीच ओळ होती. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर मी पोचलो तेव्हा आमचे नाव मागच्या चाकाच्या अगदी पुढे, माझ्या पंजाएवढ्या जागेत चिकटवलेले दिसले. सरावाच्या फेऱ्या संपवून गाडी आत आली, तेव्हा त्या पंजाएवढ्या जागेवर पुढच्या टायरमधून उडालेल्या काळ्या रबराच्या कपच्या घट्ट बसल्या होत्या. मेकॅनिक मुलाने त्या ओल्या फडक्याने घासून काढल्या, तेव्हा रबराबरोबर स्टिकरचा एक कोपराही उठून आला आणि तो त्याने अंगठ्याने दाबून पुन्हा बसवण्याचा प्रयत्न केला. प्रेक्षकांच्या सज्जातून आमचे नाव त्या दिवशी कोणालाही वाचता आले नसते. संघाने आम्हाला फसवले होते असे मी म्हणणार नाही, कारण कराराप्रमाणे बोधचिन्ह दोन्ही बाजूंस होतेच. जागा कोणती आणि किती सेंटिमीटरची, हे मीच लिहून घेतले नव्हते. आपल्या पत्रातील ‘फर्मचे नाव गाडीवर येईल’ हे वाक्य वाचताना मला तो उठलेला कोपरा आठवला.

आता या खेळातला पैसा कुठून कुठे वाहतो ते पाहू, कारण त्या गृहस्थांच्या बोलण्यातील अर्धी जादू त्याच गोंधळावर उभी आहे. या खेळातल्या पैशाबद्दल लोक बोलतात तेव्हा ते बहुधा फॉर्म्युला १ बद्दल बोलत असतात. लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने २०१७ च्या जानेवारीत तो व्यवसाय ताब्यात घेतला आणि २०२३ साली त्याचे उत्पन्न ३.२ अब्ज डॉलरवर गेले, ज्यातले सुमारे १.२ अब्ज डॉलर संघांना वाटले गेले. शर्यत भरवणारे आयोजक देतात ते शुल्क, दूरचित्रवाणी कंपन्या प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी मोजतात ती रक्कम आणि बड्या कंपन्यांचे प्रायोजकत्व, असे या उत्पन्नाचे मोठे झरे आहेत. त्यात २०२१ पासून संघांच्या खर्चावर कमाल मर्यादा आली, जी पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर होती, आणि त्यामुळे पूर्वी पैसा गिळणारे संघ हळूहळू चांगली मालमत्ता ठरू लागले. हे सारे खरे आहे आणि थक्क करणारे आहे.

परंतु हा पैसा वरच्या मजल्यावरच राहतो. फॉर्म्युला ४, फॉर्म्युला ३ आणि फॉर्म्युला २ या खालच्या पायऱ्यांवर शर्यत पाहायला येणारा प्रेक्षक थोडा, प्रक्षेपणाचे उत्पन्न जवळजवळ नाही आणि गाडी, टायर, मेकॅनिक, प्रवास यांचा खर्च मात्र खराखुरा असतो. तो भरून काढणारा माणूस म्हणजे गाडी चालवणारा मुलगा, म्हणजेच त्याचे आईवडील. संघाच्या दृष्टीने या पायरीवरचा चालक हा त्यांचा ग्राहक आहे. तो जागा विकत घेतो आणि संघ त्याला गाडी, सरावाचा वेळ व मोजकी टायरे देतो. यात लबाडी काहीच नाही, ही त्या धंद्याची उघड रचना आहे, आणि तिच्याविना या पायऱ्या चाललेल्याच नसत्या. ती रचना ठाऊक नसलेला नातेवाईक मात्र असे समजतो की ‘संघाने निवड केली’ म्हणजे मुलाची गुणवत्ता कोणीतरी पारखली. फॉर्म्युला २ मध्ये एका मोसमाच्या जागेसाठी २० लाख युरोंच्या पुढचे आकडे सर्रास सांगितले जातात, म्हणजे आपल्या चलनात २० कोटींच्या वर. आज मागितलेले ३० लाख हा पहिल्या पायरीचा पहिला हप्ता आहे आणि पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या काही पट महाग आहे, हे आपण, आपले बंधू आणि ताई यांनी एकत्र बसून एकदा स्पष्ट शब्दांत एकमेकांना सांगायला हवे.

नागपूरकराला ही गोष्ट पचायला जड जाते, कारण आपण क्रिकेटच्या हिशेबाने विचार करतो. आपल्याच परिसरात कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव वेगाने चेंडू टाकत भारतीय संघापर्यंत पोचला, आणि ते शक्य झाले कारण चेंडू टाकण्यासाठी त्याला कोणाला शुल्क द्यावे लागत नव्हते. मोटर शर्यतीत सरावाची प्रत्येक फेरी विकत घ्यावी लागते, आणि नागपूरहून ती घेण्यासाठी चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लांबचा प्रवास. भाच्याने कष्ट कमी घेतले असे यातून कोणी समजू नये. या अंतरावरून तीन वर्षे कार्टिंग टिकवून धरणे हेच मोठे कष्टाचे काम आहे.

आता दहा टक्क्यांबद्दल. फॉर्म्युला १ मध्ये २०२६ च्या मोसमात ११ संघ आहेत, म्हणजे जगभरातून २२ जागा. तिथे गाडी चालवण्यासाठी सुपर लायसन्स लागते, त्यासाठी सामान्यतः वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि खालच्या स्पर्धांतील क्रमांकांवरून ४० गुण जमवावे लागतात. आजवर फॉर्म्युला १ ची शर्यत धावलेले भारतीय दोनच आहेत : २००५ साली जॉर्डन संघातून उतरलेले नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली एचआरटी संघातून उतरलेले करुण चंधोक. मुंबईचे जेहान दारूवाला फॉर्म्युला २ मध्ये शर्यती जिंकले, रेड बुलच्या तरुण चालकांच्या योजनेत होते, त्यांना फॉर्म्युला १ ची गाडी चाचणीसाठी मिळाली, आणि तरीही शर्यतीची जागा मिळाली नाही. पुढे ते विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई कडे वळले. हे उदाहरण मी भाच्याला नाउमेद करण्यासाठी देत नाही, दारूवाला यांची कारकीर्द कोणालाही अभिमान वाटावा अशीच आहे. पण जिथे फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकणाऱ्याला दार उघडत नाही, तिथल्या कमाईचा दहावा हिस्सा आज ३० लाखांना घेणे याला गुंतवणूक म्हणता येणार नाही.

शिवाय भाचा १७ वर्षांचा आहे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास पात्र नसते, आणि अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मोहोरी बीबी खटल्यात सांगून ठेवले आहे. तो १८ वर्षांचा झाल्यावर ‘मला जुना करार मान्य आहे’ असे म्हणाला, तरी त्या जुन्या कागदात जीव येत नाही. म्हणजे जो वाटा आपल्याला दाखवला जात आहे, त्याला आज कायद्याचा आधारही भक्कम नाही. हा तिसरा व्यवहार आपण पूर्णपणे बाजूला ठेवावा असे माझे मत आहे. मामाने भाच्याच्या कमाईवर टक्केवारी लावणे मला मनाला पटतही नाही, आणि आपण पत्रात ते वाक्य ज्या घाईने लिहून पुढे गेला आहात त्यावरून आपल्यालाही ते पटलेले नसावे.

जाहिरातीचा प्रश्न अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तिथे आपल्या बंधूंचाही पैसा आहे. जाहिरात पाहणारा कोण आणि माल घेणारा कोण, हा जाहिरातीचा पहिला प्रश्न. आपले पाइप यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडचा शेतकरी विक्रेत्याच्या सल्ल्याने घेतो. कोइम्बतूरच्या सज्जात बसलेल्या प्रेक्षकाला ते घ्यायचे नाहीत, आणि तुमच्या विक्रेत्याच्या दुकानासमोर बसलेला शेतकरी ती शर्यत पाहत नाही. टायर, इंधन, वंगण, हेल्मेट यांच्या कंपन्या या खेळात वर्षानुवर्षे पैसा घालतात, कारण त्यांचा ग्राहक आणि त्या शर्यतीचा प्रेक्षक एकच असतो. मी ज्या कंपनीत होतो तिलाही नुसत्या स्टिकरचा उपयोग फारसा झाला नाही. उपयोग झाला तो त्याच गाडीला गॅरेजवाल्यांच्या मेळाव्यात उभे केल्यावर. जाणकारांचा जुना हिशेब असा आहे की नाव लावण्यासाठी जितका पैसा द्यावा, जवळपास तितकाच ते नाव लोकांपर्यंत नेण्यासाठी वेगळा ठेवावा. आपल्या बाबतीत ३० लाख देऊन तो वेगळा पैसा उरणारच नाही, कारण ही रक्कम आपल्या वर्षभराच्या जाहिरातखर्चाच्या अडीचपट आहे.

करी किंवा चेन्नईसारख्या ठिकाणच्या स्पर्धांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पुष्कळदा सगळ्या गाड्या आयोजकांच्या असतात आणि चालक फक्त जागेचे पैसे भरून बसतो. अशा वेळी गाडीवरच्या दर्शनी जागा स्पर्धेच्या मुख्य प्रायोजकांनी आधीच घेतलेल्या असतात. चालकाच्या हातात विकण्यासाठी काय उरते, हेल्मेट, अंगातला सूट, टोपी, की गाडीच्या बाजूची एखादी पट्टी, हे आयोजकांच्या नियमात पाहिल्याशिवाय कोणीही कोणाला काहीही विकू शकत नाही. त्या गृहस्थांना तो नियम लेखी मागा. त्याच बैठकीत त्यांना स्वतःचे मानधन कोण देते आणि आपल्या रकमेतून त्यांना किती टक्के सुटतात, हेही संकोच न करता विचारा. दलाली घेण्यात गैर काही नाही, पण ती ज्याच्या खिशातून जाते त्याला माहीत असावी.

प्राप्तिकराचे म्हणाल, तर ‘सगळा खर्च जाहिरातीत दाखवता येईल’ हे वाक्य जितक्या सहज उच्चारले गेले तितके ते सोपे नाही. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी केलेला असला पाहिजे, ही कसोटी आहे. विदर्भात पाइप विकणारी फर्म दक्षिणेत गाडी चालवणाऱ्या भागीदाराच्या भाच्याला ३० लाख देते, तेव्हा हा खर्च धंद्यासाठी केला की नात्यासाठी, हा प्रश्न कोणीही विचारील आणि त्याचे प्रामाणिक उत्तर आपल्याला ठाऊक आहे. कोणी सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा, मार्ग सुचवला, तर तोही सोडून द्या. ती तरतूद कंपन्यांसाठी आहे, भागीदारी फर्मसाठी नाही, आणि ज्या प्रायोजकत्वातून आपल्या मालाची प्रसिद्धी साधायची असते ते कंपन्यांनाही त्या खात्यात धरता येत नाही.

याउलट मदतीचा रस्ता सरळ आहे, आणि गंमत म्हणजे कायद्यालाही मामा ठाऊक आहे. प्राप्तिकराच्या नियमांत ज्या नातेवाइकांकडून मिळालेली भेट करमुक्त असते त्यांत आईचा भाऊ येतो. म्हणजे आपण आपल्या वैयक्तिक खात्यातून, बँकेमार्फत, भाच्याला जी रक्कम भेट म्हणून द्याल तिच्यावर त्याला कर लागत नाही, मग ती कितीही असो. हीच रक्कम फर्मने ‘भेट’ म्हणून दिली तर फर्म काही त्याची नातेवाईक होत नाही आणि ५०,००० रुपयांच्या पुढची भेट त्याच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. एका कागदावर भेट असल्याचे चार ओळींत लिहून दोघांनी सही करावी आणि तो कागद आपल्या सीएंकडे द्यावा.

आपल्या पत्रात रक्कम आहे, भावाचे मत आहे, ताईंची नजर आहे, पण मुलगा किती वेगवान आहे हे कुठेच नाही. ही उणीव मला सर्वांत जास्त खटकली. या खेळात भावनेला फार वाव नसतो, कारण प्रत्येक सरावानंतर आणि शर्यतीनंतर प्रत्येक चालकाच्या प्रत्येक फेरीची वेळ छापील कागदावर येते. गेल्या दोन वर्षांचे ते कागद भाच्याकडून मागवा. सारख्या गाडीत, त्याच दिवशी, पहिल्या आलेल्या मुलापेक्षा तो किती मागे होता आणि ते अंतर वर्षभरात कमी झाले की वाढले, एवढेच पाहा. अंतर एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांत मोजता येत असेल आणि कमी होत असेल, तर मुलात काही तरी आहे. दीड-दोन सेकंद असेल आणि तिथेच थांबलेले असेल, तर ३० लाखांची गाडी ते भरून काढणार नाही. हे कागद वाचता येत नसतील तर भाच्यालाच समोर बसवून समजावून द्यायला सांगा. जो मुलगा आपण कुठे हळू आहोत हे मामाला नीट सांगू शकतो, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसेल.

पैसे आणणारा चालक म्हणजे कच्चा चालक, असा समजही करून घेऊ नका. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीच्या पाठबळावर विल्यम्स संघात आलेले पास्तोर माल्दोनादो यांनी २०१२ ची स्पॅनिश ग्रां प्री जिंकली. पण आलेल्या पैशावर टिकलेली जागा पैशाबरोबर जाते, हेही खरे. रशियाचे निकिता माझेपिन २०२१ मध्ये हास संघात आले तेव्हा वडिलांच्या वर्तुळातील उरलकाली ही कंपनी संघाची मुख्य प्रायोजक होती. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, संघाने प्रायोजक आणि चालक दोघांचेही करार एकाच वेळी संपवले. आपण यंदा पैसे दिलेत आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतलात, तर भाच्याची जागा जाईल आणि घरात ती आपल्यामुळे गेली असे म्हटले जाईल. म्हणून जे काही द्याल ते एका मोसमापुरतेच आहे, हे पहिल्याच दिवशी ताईंच्या समोर बोलून टाका.

आपण देणार असाल त्या पैशाचे रक्षण कसे करावे, हे थोडक्यात सांगतो. सगळी रक्कम एकदम देऊ नये. मोसमातल्या प्रत्येक शर्यतीच्या आधी एक हप्ता, असा क्रम ठेवावा आणि पैसे शक्यतो थेट आयोजकांच्या किंवा संघाच्या खात्यात, पावती घेऊन भरावेत. संघ बुडतात, आणि मोठे संघही बुडतात. विजय मल्ल्या यांचा फॉर्म्युला १ मधला फोर्स इंडिया संघ २०१८ च्या जुलैत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, तेव्हा थकलेल्या पैशांसाठी न्यायालयात जाणाऱ्यांत त्या संघाचे स्वतःचे चालक सर्जिओ पेरेझ होते. करारात ‘जागा नक्की’ असे लिहून घेतले तरी दक्ष राहावे लागते. २०१५ मध्ये फॉर्म्युला १ मधल्या सॉबर संघाने दोन जागांसाठी दोनांहून अधिक चालकांशी करार करून ठेवले होते आणि त्यांतले एक, खीडो व्हान डर खार्डे, यांना मेलबर्नच्या न्यायालयात दाद मागावी लागली. ते खटला जिंकले, त्यांना भरपाई मिळाली, पण शर्यत त्यांना धावता आली नाही. अपघातात मोडलेल्या भागांचे बिल कोण भरणार, हे मोसम सुरू होण्याआधी विचारा, कारण ३० लाखांच्या आकड्यात ते बहुधा धरलेले नसते, आणि नवख्या मुलाच्या हातून गाडीचे पुढचे पंख मोडणे ठरलेलेच असते. विम्यात काय येते आणि काय येत नाही, हा कागद ताईंनी स्वतः वाचावा. एखादी शर्यत रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हेही पाहा. आपल्या देशात हे वारंवार घडले आहे : ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरची फॉर्म्युला १ ची शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली आणि तिच्या उत्पन्नावरील कराचा वाद २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हैदराबादची फॉर्म्युला ई २०२३ च्या फेब्रुवारीत मोठ्या थाटात झाली आणि राज्यात सरकार बदलल्यावर पुढच्या वर्षीची रद्द झाली.

आता माझा स्पष्ट सल्ला. फर्मकडून ३० लाख देऊ नका. आपल्या बंधूंचा नकार हा कंजूषपणा नाही, तो भागीदाराचा हक्क आहे, आणि त्यांची संमती नसताना फर्मच्या पैशाला हात लावणे म्हणजे एका भावंडाला खूश करण्यासाठी दुसऱ्याला दुखावणे होय. मात्र त्यांच्यापुढे एक छोटा, खऱ्या जाहिरातीचा प्रस्ताव ठेवून पाहा. वर्षाच्या १२ लाखांतून दोन-अडीच लाख भाच्यासाठी वेगळे काढावेत, त्यातले निम्मे हेल्मेट आणि सूटवरच्या ठरलेल्या मापाच्या जागेसाठी, आणि निम्मे अमरावती व नागपूरच्या विक्रेता-मेळाव्यांत भाच्याला, त्याच्या सूट-हेल्मेटसह आणि जमल्यास कार्ट घेऊन, बोलावण्यासाठी. आपले विक्रेते, त्यांची मुले त्या कार्टभोवती गर्दी करतील, फोटो काढतील, आणि त्या फोटोत आपल्या पाइपचे नाव असेल. हा खर्च उद्या कोणी विचारला तर दोघे भाऊ मान वर करून समजावून सांगू शकाल. बंधू यालाही नाही म्हणाले, तर ते मान्य करा.

उरलेले आपले स्वतःचे. वेळेचे कागद पाहून मुलात दम आहे असे वाटले, तर आपल्या बचतीतून, वहिनींशी बोलून, परत येणार नाही असे गृहीत धरून जी रक्कम देता येईल ती भेट म्हणून द्या. ती ३० लाखांच्या जवळपासही नसेल, आणि त्यामुळे कदाचित यंदा पूर्ण मोसमाऐवजी दोन-तीन शर्यतींवर किंवा नवख्यांसाठीच्या स्वस्त स्पर्धेवर भागवावे लागेल. सतराव्या वर्षी ते फार उशिराचे नाही. ऑस्ट्रियाचे चालक निकी लाउडा यांच्या बाबतीत तर एका बँकेचे जुळत आलेले प्रायोजकत्व त्यांच्या उद्योगपती आजोबांनीच मोडले होते. त्यांनी दुसऱ्या बँकेकडून आयुर्विम्याच्या तारणावर स्वतःच्या नावाने कर्ज काढले, जागा विकत घेतली आणि पुढे तीनदा जगज्जेते झाले. भाच्याने कर्ज काढावे असे मी मुळीच सुचवत नाही, पण घरातल्या मोठ्यांचा एक नकार आला म्हणजे सगळे संपले, असे ताईंनी समजू नये यासाठी हे लिहिले.

हे सारे भाऊबीजेच्या पाटावर मात्र काढू नका. ओवाळणीच्या ताटाशेजारी हा विषय आला तर त्या दिवशी टाकलेल्या रकमेकडे कोणीही साध्या नजरेने पाहणार नाही. त्याआधीच्या एखाद्या रविवारी ताईंकडे जा, बंधूंना बरोबर न्या, आणि त्या मॅनेजर गृहस्थांना त्या दिवशी बोलावू नका. जाताना एका कागदावर दोन आकडे लिहून न्या : फर्म किती देणार आणि मामा किती देणार. दुसऱ्या आकड्यासमोर ‘भेट, एका मोसमापुरती’ असे आपल्या हाताने लिहा. भाच्याला वेळेचे कागद घेऊन समोर बसवा आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आकडा काढू नका.